पातळ न केलेला थेंब

प्रिय छोटे,

तीनदा फोन लावला आणि तीनदा ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी लगेच दादा होतो, आणि दादाचं कधी चुकत नाही ही सवय आपल्या दोघांनाही जडलेली. म्हणून लिहितोय.

काल तू कामावर असताना तुझ्या बडबडीला भेटून आलो. जिन्यात नेहमीची शिट्टी घातली. ती पाठमोरी बसून ठोकळे रचत होती, हलली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली, मग हसली. तीन महिन्यांपूर्वी हीच पोर दारातून विचारायची, मामा, आज किती जणांचं रक्त काढलंस? आता तिचे शब्दही झिजायला लागलेत. कानाच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, आतला शंख हाडासारखा घट्ट होत चाललाय, यंत्र बसवलं तरी फार आशा नको. तुला त्यांनी गोड करून सांगितलं असेल.

तीन महिन्यांपूर्वी त्या दुपारी तू तिला आमच्या हॉस्पिटलात आणलंस तेव्हा ती तापली होती आणि तिची मान वाकत नव्हती. मेंदूच्या आवरणाला सूज, एवढं नक्की होतं. जिवाणूंची की विषाणूंची, ते ठरायचं होतं. विषाणूंची बहुधा आपोआप उतरते, जिवाणूंची असली तर एकेक तास मोलाचा. त्या तरुण डॉक्टरीणबाईंना पाठीतलं पाणी काढून तपासायचं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, थांब, आधी रक्त काय म्हणतंय ते बघू.

लॅबचं मशीन त्या दिवशी बंद होतं. काळ्या काचेवर तिच्या सीरमचा, म्हणजे रक्तावरच्या निवळीचा, एक थेंब, तपासणीच्या किटमधल्या दुधाळ द्रावणाचा एक थेंब, काडीने ढवळून बरोबर दोन मिनिटं काच डोलवली. जिवाणू असले की रक्तातलं सीआरपी नावाचं प्रथिन वाढतं आणि काचेवर नासलेल्या दुधासारखे दाणे धरतात. दाणे धरले नाहीत. बाई दारातून म्हणाल्या, काका, एकदा दहापट पातळ करून बघता का? मी म्हटलं, बाई, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी या काचा डोलवतोय. सगळे हसले. बिचाऱ्या त्याही हसल्या. तुला येऊन सांगितलं, विषाणूच आहे, पोरीच्या पाठीत उगाच सुई नको. तू संमतीची सही केली नाहीस, आणि माझ्या रिपोर्टवर विसंबून बाईंनी जिवाणूंचं औषध सकाळपर्यंत लांबवलं. तोवर सूज तिच्या कानात उतरली होती.

मी कॉलेजची पायरी चढलो नाही. बाटल्या धुता धुता शिकलो. कसं करायचं ते सगळं शिकलो. का करायचं ते विचारायला लाज वाटायची. परवा, बाईंनी औषधाला उशीर केला या तुझ्या तक्रारीला पुरावा जोडायचा म्हणून किटच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद पहिल्यांदाच भिंग धरून वाचला. सीआरपी अतोनात वाढलेलं असेल तर दाणे धरतच नाहीत, अशा वेळी पातळ करून बघावं. तिचं उरलेलं सीरम फ्रीजरमध्ये होतं, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. दहापट पातळ केलं. अर्ध्या मिनिटात दाणे.

बाईंविरुद्धचा तो अर्ज मीच तुला लिहून दिला होता, शब्दन् शब्द तोलून. सोमवारी चौकशी आहे आणि त्यांची नोकरी जाणार हे सगळे धरून चाललेत. तिथे हे पत्र दे. दोन्ही तपासण्यांच्या तारखा, वेळा मागच्या बाजूला लिहिल्यात, खाली सही आहे. याने पोरीचे कान परत येणार नाहीत. तू पुन्हा मला दार उघडशील, असंही वाटत नाही. फक्त एक प्रत तुझ्याकडे ठेव आणि ती वाचायला शिकली की तिच्या हातात दे. तोंडाने सांगायची सोय मी ठेवलेली नाही.

तुझाच, अजून म्हणवलं तर,
दादा