नाही म्हणायचा तास

नॉर्थ यॉर्क,
४ जानेवारी २००९

ती. वाल्मिकदादास,
धाकट्या बेबीचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच, नाहीतर एवढं सगळं लिहायला मी कधी बसले असते? कपिल आणि सूनबाई धम्मप्रिया सकाळी सातला ऑफिसला निघतात ते दिवेलागणीनंतर उगवतात. मधला अख्खा दिवस मी, कंडोच्या चार भिंती आणि खिडकीबाहेरचा बर्फ. रडकुंडीला आले होते, खरं सांगते.

पण आता नवल ऐक. तुझी बहीण रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी पुन्हा शिकवायला लागली! आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये लाँड्री आहे. तिथे सुमार्नी नावाची एक इंडोनेशियाची बाई भेटायची. चौदाव्या मजल्यावर एका म्हाताऱ्या आजींना सांभाळायला राहते. कपड्यांचं मशीन कसं लावायचं ते तिनेच मला खुणांनी दाखवलं. मी म्हटलं, तू मला मशीन शिकवलंस, मी तुला इंग्रजी शिकवते. पुढच्याच रविवारी चार मैत्रिणींना घेऊन हजर! कपिलने खालची पार्टीरूम बुक करून दिली. दर रविवारी दुपारी दोन ते चार वर्ग. नागपूरला पाचवीला शिकवायचे तसंच, मी म्हणायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. परवा सिक्युरिटीवाला डोकावून विचारून गेला की आत काही प्रार्थना चालली आहे का.

मला त्या 'बू गुरू' म्हणतात, म्हणजे गुरुबाई. नवऱ्याला त्यांच्याकडे 'सुआमी' म्हणतात. हे शोभावहिनीच्या देखत वाचू नकोस, उगाच तुझा भाव वाढेल. आणि सुमार्नी कुठली माहीत आहे? बोरोबुदूरची! तो एवढा मोठा स्तूप, त्याच्या दारात ही लहानपणी पोस्टकार्डं विकायची.

एकच पंचाईत आहे. या बायकांना नाही म्हणता येत नाही. समजलं का विचारलं की येस, बू गुरू. नाही समजलं का विचारलं, तरी येस, बू गुरू. मोठ्या माणसाला तोंडावर नकार द्यायचा म्हणजे त्यांच्याकडे फार वाईट दिसतं म्हणे. पाच जणी गोड हसतात आणि माझ्या डोक्याला ताप.

वहिनीला जयभीम. उत्तर लवकर टाक. माया आहेच, ती इथल्या थंडीत आकसू देऊ नकोस.

तुझी,
बेबी


नागपूर,
२३ जानेवारी २००९

चि. बेबीस,
दादाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वहिनीच्या देखतच वाचलं, कारण चष्मा माझा फुटलाय आणि वाचून तीच दाखवते. माझ्या कानाशी ओरडून. त्यामुळे 'सुआमी' शेजारच्या नंदकुमारांपर्यंत गेलं. भाव काही वाढला नाही. उलट त्या दिवशी भाजी मलाच चिरावी लागली.

तू पुन्हा शिकवतेस हे वाचून मात्र फार बरं वाटलं. मागच्या दोन पत्रांत तू नुसती हवा आणि बर्फ लिहिलं होतंस, तेव्हाच मी ओळखलं होतं की बेबीचं काही खरं नाही. पण बाई, विद्यार्थी नाही म्हणत नाहीत ही तक्रार तू करावीस? सात वर्षांची असताना गल्लीतली पोरं ओसरीवर बसवून शाळा घ्यायचीस. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मलाही त्यात बसवायचीस. एकदा नाही म्हटलं तर फूटपट्टी हाणलीस. खूण अजून आहे.

त्यांना नाही म्हणायला लावायचंच असेल तर तुझ्या हातचा ठेचा खाऊ घाल. बोरोबुदूरबद्दल सुमार्नीला नीट विचारून लिही. आणि एक सांग, त्या गरीब बायका हो म्हणतात तर तुझं काय बिघडतं?

कपिल, धम्मप्रियाला आशीर्वाद. टोपी घालत जा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे ध्यानात असू दे.

तुझा,
वाल्मिकदादा


नॉर्थ यॉर्क,
१० फेब्रुवारी २००९

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

ठेचा करून नेला. बाप्पा, काय सांगू! डोळ्यांतून पाणी काढणारा जहाल केला होता. पाचही जणींनी चाटूनपुसून खाल्ला आणि यात थोडी सुकट घातली तर अजून छान होईल असं सुचवलं. तुझा उपाय तुझ्यापाशीच ठेव.

माझं काय बिघडतं म्हणतोस, तर ऐक. सुमार्नीला इथे घरात राहून माणूस सांभाळायचं परमिट आहे. अशी दोन वर्षं पुरी झाली की तिला कायमचं राहण्यासाठी अप्लाय करता येतं आणि मग मुलीला बोलावता येतं. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिकडे आजीजवळ. एकोणीस महिने झाले, पाच राहिले. परमिटवर जे घर लिहिलंय तिथलंच काम करायचं, दुसरीकडे केलं आणि कळलं तर सगळं मुसळ केरात. आता त्या आजींचा मुलगा म्हणतो की एप्रिलपासून आठवड्यातले दोन दिवस माझ्या मेहुण्याच्या बेकरीत जा. त्याने तीनदा विचारलं. हिने तिन्हीदा हसून येस सर म्हटलं! आणि लाँड्रीत येऊन माझ्यापुढे ओक्साबोक्शी रडली. मी कपाळाला हात लावला.

म्हणून मी नाही म्हणायचा तास घेतला. समोरचा काहीही मागू दे, आपण सॉरी, आय कान्ट म्हणायचं. मी एकेकीला विचारलं की शनिवारी दहाला माझ्याकडे येऊन घर झाडूनपुसून देशील का? काय ठणठणीत उत्तरं दिली म्हणून सांगू! सॉरी, बू गुरू, आय कान्ट. सुमार्नीचा आवाज सगळ्यांत मोठा. मी खूश होऊन वर आले, धम्मप्रियाला म्हटलं की आज जग जिंकलं.

शनिवारी दहाला बेल वाजली. दारात पाचही जणी! हातात बादल्या, मॉप, रबरी हातमोजे आणि डबाभर तळलेली केळी. कपिल अर्धी दाढी करून बाथरूममध्ये लपला. धम्मप्रिया गाऊनवर. मी विचारलं की अगं, नाही म्हणाला होतात ना? तर म्हणतात, तो धडा होता, धडा आम्ही नीट म्हटला. पण बू गुरूच्या घरी काम आहे म्हटल्यावर यायला नको का? मी हसू की रडू! त्यांनी ओव्हनच्या आतली जळकी पुटंसुद्धा घासून काढली. धम्मप्रिया आता रोज विचारते की आई, पुढचा नाही म्हणायचा तास कधी आहे.

पण दादा, गंमत बाजूला ठेव. मला रात्रंदिवस सुमार्नीची काळजी लागली आहे. मी शिकवलेलं तिला वर्गाबाहेर नेता येत नसेल तर माझ्या शिकवण्याला काय अर्थ? काय करू ते लिही. रागाव हवं तर, पण विसरू नकोस.

तुझी,
बेबी


नागपूर,
२७ फेब्रुवारी २००९

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

बादल्यांचा भाग वहिनीने तीन वेळा वाचला. तिसऱ्यांदा हसता हसता तिला ठसका लागला, पाणी द्यायला मी उठलो. तिचं म्हणणं, तशा पाच विद्यार्थिनी एप्रिलमध्ये इकडे पाठव, उन्हाळी साफसफाई निघाली आहे.

आता कामाचं. शिकवत बसायची ही वेळ नाही. सुमार्नीच्या दोन वर्षांचं पाणी होईल आणि तू तिच्याकडून वाक्यं घोटून घेत बसशील. तू स्वतः चौदाव्या मजल्यावर जा आणि त्या गृहस्थाला नीट सांग. एकतीस वर्षं हेडमास्तरांना आणि इन्स्पेक्टरांना पुरून उरलीस, हा कोण लागून गेला? नेव्ही ब्लू साडी नेस, तिच्यात तू मोठी अधिकारी दिसतेस. आवाज चढवू नकोस. चढवलास तरी माझी हरकत नाही.

काय झालं ते त्याच दिवशी लिही. आम्ही दोघं वाट बघत राहू. घरच्यांना आशीर्वाद, आणि तुला थोडे जास्त.

तुझा,
वाल्मिकदादा


नॉर्थ यॉर्क,
२२ मार्च २००९

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

आजच लिहिते आहे.

तुझं पत्र आलं आणि मी ठरवलं. आज रविवार, आजींचा मुलगा आईला भेटायला येतो. वर्गाला सुट्टी दिली. नेव्ही ब्लू साडी नेसले, वर कपिलचा स्वेटर, म्हणजे अधिकारी कितपत दिसले कुणास ठाऊक. लिफ्टमधून जाताना इंग्रजीतली चार कडक वाक्यं पाठ करत होते. चौदाव्या मजल्यावर सुमार्नी कचरा टाकायला बाहेर आलेली. मी तिला सांगितलं की तू गप्प उभी राहा, आज मी बोलते.

तर तिने कचऱ्याची पिशवी खाली ठेवली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, नो, बू गुरू.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं की अगं, मी तुझ्यासाठीच आले आहे. पुन्हा नो. मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली की आज तुम्ही बोललात तर उद्याही तुम्हालाच बोलावं लागेल, आणि तुम्ही काही कायम इथे नसणार. दादा, खोटं का सांगू, क्षणभर मला राग आला. मी मोठी, मी गुरू, साडी नेसून आलेली! मग लक्षात आलं की बाई गं, ही मला नाही म्हणते आहे. वर्गातला धडा नव्हे, खरोखरीचं नाही. माझे डोळे भरून आले.

ती आत गेली. मी लिफ्टपाशी उभी. दार उघडंच होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं. सॉरी सर, मी बेकरीत जाऊ शकत नाही, परमिट या घराचं आहे, माझी मुलगी आहे, असं एकेक करत बोलली. सगळी वाक्यं मी शिकवलेली नव्हती, काही तिची तिनेच जुळवली होती.  तो माणूस म्हणाला की तू दर वेळी हसून येस म्हणायचीस, मला वाटलं तुला घराबाहेर पडायला हवंच आहे. परमिटचं त्याच्या ध्यानातच नव्हतं म्हणे, किंवा असूनही तसं दाखवलं नसेल. तोंड पाडून का होईना, मेहुण्याला दुसरं कुणी बघायला सांगतो म्हणाला. आतून आजी ओरडल्या की सुमार्नी कुठेही जायची नाही!

ती बाहेर आली आणि कॉरिडॉरच्या कार्पेटवर मटकन खालीच बसली. मीही बसले, साडीसकट. दोघी वेड्यासारख्या हसत होतो, समोरच्या फ्लॅटवाल्याने दार किलकिलं करून पुन्हा लावून घेतलं. मी म्हटलं, चल, खाली माझ्याकडे, मस्त आल्याचा चहा करते. तर घड्याळ बघून म्हणते कशी, सॉरी, बू गुरू, आजींच्या औषधाची वेळ झाली. आणि गेलीसुद्धा! मी तिथेच बसून राहिले. एका दिवसात तीनदा नाही म्हणाली मला. एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझा एवढा अपमान केला नव्हता, दादा, आणि एवढा आनंदही दिला नव्हता.

तू आणि वहिनी, दोघं सांभाळून राहा. लोभ तुझाच आहे, मी फक्त वापरते आहे.

तुझी,
बेबी