पापडीची नानकटाई आणि माझा संयम

४ ऑक्टोबर १९९८, रविवार
डॉक्टर म्हणाले, शुगर वाढली आहे. गोड बंद, गोळी सुरू, रोज चाला. मी लगेच हो म्हटलं. मनोनिग्रह आमच्या घराण्यातच आहे. मीराने तर तिथेच जाहीर केलं की यांची शुगर खाली येईपर्यंत मीही गोडाला शिवणार नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. बायकांना कशाचंही व्रत करायची हौस. नानकटाई तिला माझ्याहून जास्त आवडते, त्यामुळे टिकणार नाही. बघूच.

५ ऑक्टोबर, सकाळ
चालणं सुरू. मीरा म्हणाली, स्टेशनच्या बाजूने जा. तिकडे धूळ फार. पापडी गावाकडची हवा उत्तम. वाटेत ॲन्सेल्मची बेकरी लागते, त्याला माझा इलाज नाही. फक्त पाव घेतले. ॲन्सेल्मने भट्टीतली गरम नानकटाई पुढे केली. नाही म्हटलं असतं तर त्याच्या मनाला लागलं असतं. एकच खाल्ली. दुसरी तुटलेली होती, ती धरायची नसते. येताना रिक्षा.

८ ऑक्टोबर
फिरणं नियमित. मीरा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिते. म्हटलं, सवय होते, माझ्याकडे बघ.

१० ऑक्टोबर
बेकरीत दिवाळीची गर्दी. आपापल्या घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर न्यायची आणि वर डबा. ॲन्सेल्म नानकटाई भाजून डबा भरून देतो. दरवर्षी आमचीही असते, यंदा मीराने नको म्हटलं. मला ते पटलेलं नाही. बाधतं ते बाजारचं तूप. घरच्या तुपाने शुगर वाढत नसावी. डॉक्टरांना विचारलं नाही. बिझी माणूस, उगाच त्रास कशाला.

१२ ऑक्टोबर
सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट झकास येणार.
दुपारी मीरा बहिणीकडे जूचंद्रला गेली. ऑफिसला हाफ डे टाकून सगळं सामान आणि माळ्यावरचा एक जुना डबा घेऊन बेकरी गाठली. ट्रेवर नावाची चिठी लावतात. माझं नाव कशाला? समोरच्या ब्लॉकमधल्या डेल्फिनबाईंचं दिलं. प्लॅनिंग याला म्हणतात. उद्या संध्याकाळी डबा घ्यायचा, परवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रोज एक, औषधासारखी.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
साहेबांनी नेमकं आजच थांबवलं. बेकरीत पोचलो तर डबा नाही. ॲन्सेल्म म्हणाला, आमचा टेम्पो तुमच्याच बाजूला जात होता, घरी पाठवून दिला. विचारलं, डेल्फिनबाईंकडे ना? तो म्हणाला, चिठी डेल्फिनची होती खरी, पण डब्याच्या बुडाला 'सौ. मीरा' कोरलंय. चिठ्यांची अदलाबदल होते, भांड्यावरचं नाव कसं चुकेल?
लग्नात सासरेबुवांनी वाटी-चमच्यापासून प्रत्येक भांड्यावर नाव घालून दिलं होतं. इतक्या वर्षांत एकही डबा मी उलटा करून पाहिलेला नाही.
घाबरायचं कारण नाही. तुझ्यासाठी सरप्राइज होतं म्हणेन. हे जवळजवळ खरंच आहे.

१४ ऑक्टोबर
काल सरप्राइज म्हणून सांगितलं, मीराने डबा फळीवर ठेवून दिला. आज लॅबमधून रिपोर्ट तिनेच आणला. शुगर आधीपेक्षा जास्त. मशीनमध्ये काहीतरी बिघाड असणार, असं मी म्हटलं. तिने कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला.
मग डेल्फिनबाईंना चहाला बोलावलं. स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घातली, डबा उघडला आणि माझ्यादेखत चार नानकटाया खाल्ल्या. डेल्फिनबाई म्हणाल्या, तूप मस्त पडलंय. मी म्हटलं, अगं, तुझं व्रत? ती म्हणाली, तुमच्यासाठी गोड सोडलं होतं, तुम्हीच सोडलं नाहीत, मग मी कुणासाठी सोडू?
ती भांडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. भांडलीच नाही. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. डबा टेबलावरच उघडा होता, पण एकही उचलवली नाही.
जेवण झालं. रोज या वेळी ती गोळी आणि पाणी हातात देते. आज टीव्ही बघत बसली आहे. गोळ्या कुठे ठेवलेल्या असतात, मला माहीत नाही.