सुकटीच्या निमित्तानं रेवदंडा

आये, तुझी पणती सकाळपासून माझ्या पलंगावर मांडी ठोकून बसली आहे आणि मोबाईलवर खोल्या बघते आहे. आम्ही दोघी रेवदंड्याला निघालो आहोत. पोरगी हिंजवडीला कंपनीत कामाला आहे, पगार चांगला आहे, पण हात आखडता. ‘आजी, स्वस्तात मस्त करायचं,’ म्हणते. ही खोली समुद्राला लागून आहे पण महाग, ती स्वस्त आहे पण तिथे चहासुद्धा मिळत नाही, एसटीनं गेलो तर किती वाचतील, डबा नेला तर किती. मी हो-हो म्हणते आणि मला हसू आवरत नाही. स्वस्तात समुद्र बघायचा बेत करणारी आपल्या घरातली पहिली बाई तू, हे तिला कुठे ठाऊक आहे? तिला चहा करायला पाठवलं आहे आणि तेवढ्यात तुला लिहायला बसले आहे. ती चहा करायला गेली की मोबाईल बघत उभी राहते, त्यामुळे मला भरपूर वेळ आहे.

मी दहा वर्षांची असेन. मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला आपली वाडी, आणि तुझं माहेर त्या धरणाच्या पाण्याखाली. तू पाच-सहा वर्षांची असताना ते गेलं. वैशाखात पाणी उतरलं की माहेरच्या देवळाचा चौथरा उघडा पडायचा आणि तू मला घेऊन तिथे जायचीस. भाकरीचं फडकं पाण्याच्या अगदी काठाला ठेवायचीस, कारण तिथली माती गार असते. दिवसभर आपण उघड्या पडलेल्या जमिनीत हिंडायचो, तू मला इथे आमचं जोतं, इथे आमची चिंच असं दाखवायचीस, आणि परत येऊन बघावं तर पाणी फडक्यापासून आणखी जरासं मागे सरकलेलं असायचं. अशाच एका दिवशी तू विचारलंस, ‘हे समदं पानी जातं कुटं गं?’ मी नुकतीच शाळेत शिकलेली, घडाघडा सांगितलं. घाटाखाली भिऱ्याला जातं, त्याच्यावर वीज होते, मग ते नदीला मिळतं आणि नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. तू चौथऱ्यावर बसून राहिलीस. मग म्हणालीस, ‘म्हंजी माज्या म्हायेराचं पानी दर्याला जाऊन बसलंय व्हय! मग बगाया पायजे.’ आणि उठून लुगडं झटकलंस. तुझा बेत ठरला होता.

आता गंमत अशी की समुद्र बघायला जाते असं म्हणायची सोयच नव्हती. बाईनं देवाला जावं, लग्नाला जावं, कुणाच्या बाळंतपणाला जावं. पाणी बघायला कोण जातं? आणि दारात एवढं धरण असताना? पण तू काही कच्ची नव्हतीस. दरवर्षी पावसाळ्याआधी वाडीतले दोघं-तिघं बाप्ये तांदूळ घेऊन घाट उतरायचे आणि रोह्याच्या बाजारातून वाडीसाठी सुकट-बोंबील घेऊन यायचे. तू ठरवलंस, यंदा सुकट आपण आणायची. आधी आत्याला फितवलंस. आबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आपल्याकडे आलेली, तोंडाची फटकळ, आणि भाजलेल्या बोंबलासाठी काहीही करायला तयार. माळ वगैरे तिनं कधी घातली नाही, ते तिच्या जिभेला झेपणारं नव्हतं. तू तिला म्हणालीस, ‘वन्सं, रोह्याला यापारी चिमटीनं देतोय. रेवदंड्याला कोळनी ओंजळीनं देत्यात म्हनं.’ आत्यानं विचारलं, ‘कोन म्हनलं?’ तू शांतपणे सांगितलंस, ‘समदीच म्हनत्यात.’ कुणीही म्हणत नव्हतं, आये. मी तिथेच लसूण सोलत बसले होते.

निघण्याआधीच्या त्या पंधरा दिवसांइतकी मजा मला नंतर कुठल्याच प्रवासात आली नाही. चुलीपुढची राख तू हातानं सारखी करायचीस आणि बोटानं वाट काढायचीस. चुलीचा धोंडा म्हणजे आपला घाट, तिथून खाली भिरा, उलथनं म्हणजे नदी, आणि पाण्याची घागर म्हणजे समुद्र. मी सांगायची, तू राख मोडून पुन्हा काढायचीस. तुझा एकच नियम होता, पैसा घराबाहेर काढायचा नाही. पायी उतरायचं. रात्री देवळाच्या ओसरीवर टेकायचं. रोह्याहून रिकामा परतणारा मचवा, म्हणजे मालाची होडी, गाठायचा आणि मचवेवाल्याला तांदूळच द्यायचे. नाचणीच्या भाकरी कडक भाजायच्या, कांदा बरोबर घ्यायचा नाही, तो वास मारतो, लसणाची चटणी घ्यायची. मला आठवतं, तू चटणी कुटताना गुणगुणत होतीस आणि आत्या म्हणाली, ‘सुकट आनाया चाललीयास का वरातीला?’ तू म्हणालीस, ‘दोन्ही.’

आबांना मात्र वास आला. जेवताना म्हणाले, ‘बाईमान्सांनी घाट उतरायचा? आन रोह्याला मिळतीया की सुकट, फुडं कशाला जायाचं?’ तू मान खाली घालून भात वाढत राहिलीस. बोलली आत्या. ‘तुमी बाप्ये गेल्या साली काय आनलंत? निम्मा भुगा. यंदा मी जातुया. तुला काय म्हनायचंय?’ थोरल्या बहिणीपुढे आबांचं कधीच काही चाललं नाही. ‘जावा मग,’ म्हणाले, ‘पन वाडीचा तांदूळ हाय, ध्यानात ठेवा.’ घराघरातून तांदूळ आले. दोन गठुडी झाली, एक तुझ्या डोक्यावर आणि एक आत्याच्या. माझ्याकडे भाकऱ्या.

घाट उतरताना तू जवळजवळ पळत होतीस. भिऱ्याला पाणी बाहेर पडतं तिथे आपण थांबलो. फेसाळ, घाईत असलेलं पाणी. तू वाकून हात घातलास आणि कुणाला तरी विचारावं तसं विचारलंस, ‘तुमी हाईसा व्हय!’ मला लाज वाटली, आजूबाजूला माणसं होती. आज लाज वाटल्याची लाज वाटते. पुढे नदी धरून दीड दिवस चाललो. आत्या वाटेवरच्या प्रत्येक झाडाखाली बसली आणि प्रत्येक वेळी तुझ्या बेताला शिव्या दिल्या. रोह्याला मचवा मिळाला. मचवेवाला म्हणाला, ‘ओहोटी लागली का सुटायचं.’ आपण तिघींनी कळल्यासारख्या माना हलवल्या. भरती-ओहोटी मी पुस्तकात पाठ केली होती, चंद्रामुळे होते, दोन ओळीत उत्तर लिहा. तो सांगतो आहे ती तीच, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आणि मग नारळीच्या वाडीतून बाहेर पडलो आणि समुद्र. आये, तू होतीस तिथेच थबकलीस आणि डोक्यावरचं गठुडं खाली ठेवलंस. पाणी लांब होतं, आणि मधे ओली, चकचकीत, एवढी मोठी वाळू. आत्या म्हणाली, ‘बगितलं? झालं? मी कोळीन बगते,’ आणि कोळीवाड्याकडे गेली. तू दोन्ही गठुडी उचलून पार पाण्याच्या काठाला नेलीस आणि गार वाळूवर ठेवलीस. मी म्हटलं, ‘आये, वर ठेवू ना.’ तू हसलीस. ‘खुळी का काय! उन्हाळ्यात पानी कदी वर चडतं व्हय? हितं ऱ्हा, ध्यान ठेव.’ धरणाच्या काठच्या बाईला दुसरं काय वाटणार? उन्हाळ्यात पाणी मागे जातं, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. तू लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलंस आणि आत गेलीस.

पहिली लाट आली तेव्हा तू ओरडलीस. दुसरीला हसलीस. मग तू लाटांशी बोलायला लागलीस, त्यांना अंगावर ये म्हणायला लागलीस, कंबरेपर्यंत भिजलीस, पदर गळ्यात, केस सुटलेले. तेव्हा तू तिशी ओलांडून थोडीच पुढे गेली असशील. आत्ता तुझी पणती जेवढी आहे त्याहून थोडी मोठी. चटणी वाटणारी, शेणानं सारवणारी, आबांपुढे मान खाली घालणारी ती बाई नव्हतीच. मी बघतच राहिले.

आत्याची आरोळी आली तेव्हा एक गठुडं फुटलं होतं आणि तांदूळ फेसातून चालले होते. दुसरं ओलंचिंब. आत्याबरोबर आलेली कोळीण कमरेवर हात ठेवून उभी. ‘अगो बायांनो, भरती हाय ना! कुठच्या गो तुमी?’ तू गुडघ्यावर बसून वाळूतून तांदूळ ओंजळीनं उचलत होतीस आणि ते बोटांतून गळत होते. पण ती बाई भली निघाली. तिच्या घरी लग्न होतं. म्हणाली, दळायला तांदूळ भिजवायचेच होते, तुम्ही मीठसुद्धा घालून आणलंत. वाचलेलं गठुडं तिनं घेतलं. तू आणि आत्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या जात्यावर दळत बसलात, लग्नाची गाणी म्हणत, आणि संध्याकाळी आपण हळदीला जेवलो. आत्या आधी म्हणाली आपण यांच्यात जेवत नाही, मग ताटात तळलेली सुरमई आली आणि ती विषय विसरली. निघताना कोळणीनं वाळलेली मासळी भरभरून दिली. तरी ती एका गठुड्याचीच होती. परतीच्या वाटेवर तू माझा हात धरून म्हणालीस, ‘फुडल्या साली परत येऊ. तवा वर ठेवू तांदूळ.’

वाडीत तू कुणाचा वाटा कमी पडू दिला नाहीस. सगळ्यांना पुरं दिलंस आणि आपल्या शिंकाळ्यात काही उरलं नाही. ‘माजीच चूक झाली,’ तू घराघरात जाऊन सांगितलंस, ‘मीच तितं ठेवलं.’ त्या पावसाळ्यात आपण नुसती आमटी खाल्ली आणि आबा दर दोन दिवसांनी विचारायचे, ‘काय, दर्यानं पोट भरलं का?’ आत्यासुद्धा मान खाली घालून आमटी भुरकायची. पुढच्या वर्षी पुन्हा बाप्येच रोह्याला गेले, त्याच्या पुढच्या वर्षीही. तू पुन्हा राखेवर वाट काढली नाहीस. मी शिकले, मास्तरीण झाले, पहिल्या पगारात तुला रेवदंड्याला नेईन म्हणत होते. तोवर तू राहिली नाहीस.

चहा आला, गारच. पोरीनं खोली ठरवली, नाश्त्यासकट, समुद्रापासून पाच मिनिटांवर. विचारते, ‘आजी, काय लिहितेस एवढं? कुणाला पाठवायचंय? फोटो काढू का?’ मी म्हटलं, हे पाठवायचं नाही, लिहून झालं की घडी करून पिशवीत तळाला ठेव, चटणीच्या डब्याखाली. हो, चटणी केली आहे, लसणाची. कांदा घेतलेला नाही. एकदा हे सगळं मी तिथे उभी राहून वाचीन म्हणते, आणि मग बघू शेवटचं वाचायचा धीर होतो का, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

आये, तुझी चूक नव्हती. पाणी गठुड्याला लागलं ते मी पाहिलं होतं. लाट गाठीपर्यंत आली, मागे गेली, पुन्हा आली, मी सगळं पाहिलं, आणि पुस्तकातल्या त्या दोन ओळीही मला तेव्हाच आठवल्या. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण हाक मारली असती तर तू बाहेर आली असतीस.