ओतण्याआधीचा दिवस

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवी घंटा बद्द वाजते, यावर काल शिक्कामोर्तब झालं. तुमच्या कंपनीच्या तपासनीसाने हातोडी मारली, कान लावला आणि आत पोकळ्या राहिल्यात असं लिहून दिलं. तुमच्या कंपनीमार्फत आलेली परदेशातल्या चर्चची पहिलीच ऑर्डर, आणि आवाज फुटक्या बादलीचा.

बाबा म्हणतात, हे होणारच होतं. आपल्या कारखान्याची रीत तुला ठाऊक आहे. साचा तयार झाला की एक दिवस काम बंद. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने जाऊन मिटवायचं, मगच धातू ओतायचा. मनातली अढी घंटेत उतरते, म्हणे. कंपनीच्या कार्यपद्धतीत तो दिवस नव्हता, म्हणून मी लगेच ओतलं. आता बाबा माझ्याशी निम्मंच बोलतात. तुझ्याशी तर तू त्या कंपनीत गेल्यापासून, दोन वर्षं, नाहीच.

दुसरी घंटा महिनाअखेर गेली नाही तर ऑर्डर रद्द. इंजिनिअर आहेस, काहीतरी सुचव. लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
ढोल्या

९ मार्च

चि. ढोल्यास,
अ. आ.

साचा ओला होता, गाढवा. ओल्या साच्यात तापलेला धातू ओतलास, वाफेने पोकळ्या पडणारच. पणजोबांपासून आपली माणसं समेट करत गावभर फिरायची, तोवर भट्टीच्या उबेला साचा वाळायचा.

आणि ऐक. आपल्या कारखान्यासाठी कंपनीची कार्यपद्धती लिहिली, तेव्हा तो दिवस त्यातून मीच खोडला होता. भाकडकथा वाटली. आता तिथे ‘वाळवण, चोवीस तास’ असं घालून मंजूर करून घेतलंय. घंटेला अढीबिढी कळत नाही, एवढं बाबांना सांग. खोडल्याचं मात्र मीच सांगेन, त्यांनी ऐकून घेतलं तर.

प्रकृतीला जप. माझ्यावर रागावला नसशील, असं धरून चालते.

तुझी,
ताई

१४ मार्च

चि. बयेस,
अनेक आशीर्वाद.

ढोल्याने तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, ‘गाढवा’सकट. खोडल्याचंही वाचून गेला, मग जीभ चावली.

साचा वाळावा लागतो हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण नुसता वाळवायचा तर कुलूप लावून घरी जाता येतं. त्या रिकाम्या दिवसाचं काय करायचं, ते आपल्या थोरांनी बायबलातल्या शुभवर्तमानातून घेतलं: दान वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. अढी घंटेत उतरते, ही आमची पदरची भर. पाळकसाहेब त्यावरून मला अजून झापतात.

ढोल्याला मी ओल्या साच्यावरून अडवायला हवं होतं. पण त्याने तुमचा कागद नाचवला आणि मला रुसायला निमित्तच मिळालं. चूक माझीही आहे.

या दोन वर्षांत तीन घंटा ओतल्या. दर वेळी लोहाराकडे, शेजाऱ्याकडे जाऊन आलो. तुला मात्र ओळ लिहिली नाही. तिन्ही गोड वाजल्या. म्हणजे घंटेला अढी कळत नाही हे तुझंच खरं, आणि तेच मला फार लागलं.

उशिरा का होईना, तुझा लोभ मागतो. नवा साचा गुरुवारी तयार होईल. शुक्रवारी काम बंद. सकाळच्या गाडीने ये, ढोल्या स्टेशनवर असेल. चोवीस तास साच्याचे आहेत, त्यातले दोन मला पुरतील. धातू शनिवारी ओतू.

बाबा