अम्माच्या मानेवरच्या गाठी

अम्मा, तू गेलीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि आता माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झालंय. घरात आपण आपल्या दख्खनीत बोलायचो. पण लिहायला मी शिकले ती जुन्नरच्या मराठी शाळेत, म्हणून हे मराठीत. तुला कुठलंच वाचता येत नव्हतं, तेव्हा तसा काही फरक पडत नाही.

ती गाठ पहिल्यांदा माझ्याच बोटांना लागली. मी तुझ्या डोक्याला तेल लावत होते. कानाखाली, सुपारीएवढी, दाबली की सरकणारी. मी विचारलं, "दुखतंय का?" तू म्हणालीस, "दुखलं असतं तर सांगितलं नसतं का तुला?" दुखत नाही म्हणजे काही नाही, असंच आपण सगळे धरून चाललो. मग अंगाला खाज सुटली, नखांनी पोटऱ्या सोलून निघायच्या. संध्याकाळी कणकण, आणि पहाटे उठलीस की पोलकं पिळून घ्यावं इतका घाम. एकीच्या दोन झाल्या, मग माळच झाली. गल्लीने ठरवलं, गंडमाळ आहे, मानेचा क्षय. कुणी पाला वाटून लेप दिला, कुणी डाग द्यायला सांगितलं. अब्बा डागायला कबूलही झाले होते. तू चुलीपुढून उठलीस आणि म्हणालीस, "मी काय बैल आहे?" तेवढ्यावर ते राहिलं.

ओतूरच्या बाजारात तू बांगड्या भरायला बसायचीस. समोर खेड्यातली बाई हात पुढे करून बसलेली, तू तिचा पंजा दाबून दाबून मऊ करतेस, आणि बोलत राहतेस, "मूठ आवळू नको गं, हात ढिला सोड." बोलण्याच्या नादात बांगडी कधी चढली ते तिला कळायचं नाही. त्या वर्षी तुझी एक जुनी गिऱ्हाईक सुनेला घेऊन आली. तिच्या स्वतःच्या लग्नाचा चुडाही तूच भरलेला. सुनेने हात दिला, तेवढ्यात सासूची नजर तुझ्या मानेवर गेली.

"काय झालं गं हे? लई सुजलंय."

"गाठी आहेत. दुखत नाहीत."

तिने सुनेचा हात मागे ओढला. "राग मानू नको बाई. हिला दिवस गेल्यात. तुझ्या लेकीला भरू दे."

तू उठलीस आणि मला जागा दिलीस. मी घाई केली, बांगडी पिचली, पोरीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. त्यानंतर बायका माझ्यासमोरच बसू लागल्या. तू मागे बसून रंग निवडून द्यायचीस, भर उन्हात मानेभोवती पदर गुंडाळून. एकदा परतताना एस.टी.त तू दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून म्हणालीस, "गाठ मानेला आहे. माझ्या हातांना काय झालंय?"

पुण्याला एक गाठ काढून तपासली. डॉक्टर अब्बांना म्हणाले, हा क्षय नाही. अब्बांना एवढा आनंद झाला, की मग हे आहे काय, ते विचारायचंच राहिलं. मुंबईला पाठवलं. तिथे तुला विजेचा शेक द्यायचे, किरणांचा. मला आत येऊ देत नसत. बाहेर आलीस की सांगायचीस, "जड दार लावून सगळे निघून जातात. यंत्र गुणगुणतं. मी कलमा म्हणत पडून राहते." मानेची कातडी काळी पडली, मागचे केस गळाले, तोंडाची लाळ आटली, कालवून दिलेला भातसुद्धा घशाखाली उतरेना. पण गाठी विरघळल्या. बोट लावून शोधल्या तरी सापडेनात.

जुन्नरला परत आल्यावर अब्बांनी नियाज घातली, गल्ली जेवली. तू पुन्हा ओतूरला गेलीस. तीच बाई आली, हसून म्हणाली, "बरी झालीस की गं!" आणि हात पुढे केला. तू भरल्यास. तिच्याशी एक अक्षर बोलली नाहीस.

वर्षभरही टिकलं नाही. पोट फुगलं, पायऱ्या चढताना दम लागू लागला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आता सगळ्या अंगाला शेक देता येणार नाही, नवीन इंजेक्शन आहे. त्याने तुला आतडी पिळवटेपर्यंत ओकाऱ्या झाल्या. गाठी दबल्या आणि पुन्हा आल्या. तेव्हा तू अब्बांचा हात धरून म्हणालीस, "पुरे झालं. घरी न्या." शेवटी शेवटी तुला आडवं होता येत नव्हतं. माझ्या पाठीला पाठ टेकून तू बसायचीस, आणि तुझा प्रत्येक श्वास मला माझ्या फासळ्यांत लागायचा. तशीच गेलीस. अब्बा मरेपर्यंत लोकांना गंडमाळच सांगत राहिले.

गेल्या वर्षी माझ्या मानेला गाठ आली. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिने कागदावर माणूस काढला, त्याच्या अंगभर बारीक रेषांचं जाळं काढलं, आणि जागोजागी ठिपके दिले. म्हणाली, या गाठी सगळ्यांनाच असतात आजी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इथे राहतात. त्याच बेसुमार वाढल्या की लिम्फोमा. माझा सावकाश वाढणारा आहे. औषधाने दबतो, पुन्हा डोकं काढतो, पुन्हा औषध. त्याला सोबत घेऊनच राहायचं. मी विचारलं, "हात लावल्याने होतो का?" ती म्हणाली, "नाही." मी पुन्हा विचारलं. "कधीच नाही, आजी." मग मी तिला तुझं सांगितलं. ती म्हणाली, बहुतेक यातलाच एखादा प्रकार असणार. आजच्या औषधांनी कदाचित... आणि थांबली. मी तिथे बसून रडले. तिला वाटलं, स्वतःसाठी रडतेय.

औषध चढवून झालंय. केस गेले, पुन्हा आले. तोंडाला लोखंडाची चव येते, दुपारभर पडून राहते. घरातले माझ्या ताटात वाकून बघतात, किती खाल्लं ते. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. परवा आंघोळीला साबण लावताना डाव्या काखेत बोटांना काहीतरी लागल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी तिथे हात नेलेला नाही.