मीठ आणि साखरेमधली वीतभर जागा

आई, हे पत्र मी हातानं लिहीत नाहीये. मी बोलते आणि फोन लिहितो. हातानं लिहिलं असतं तर ओळ वर चढत गेली असती आणि शेवटची अक्षरं कागद सोडून टेबलावर पडली असती, रेशनच्या वहीवर तुझा अंगठा पडायचा तशी. दुकानदार कुरकुरला की तू म्हणायचीस, "चौकट तुजी, अंगठा माजा. माजा अंगठा कुटं बी पडंल." तू गेलीस तेव्हा आपल्या गावात एकच फोन होता, ग्रामपंचायतीतला, आणि त्याच्या आकड्यांच्या चकतीला छोटंसं कुलूप असायचं. आता कर्जतच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईच्या कमरेलाही फोन असतो. तेव्हा तुला बरंच काही समजावून सांगावं लागणार. पण आधी महत्त्वाचं सांगते. तुझे डोळे माझ्याकडे आलेत.

दादाकडे तुझी उंची गेली, तुझा आवाज कुणाकडेच आला नाही आणि डोळे माझ्या वाट्याला आले. आधी कडेचं दिसेना झालं, मग अक्षरं तुटायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "आईला होतं का असं?" मी म्हटलं, होतं. ते म्हणाले, हळूहळू जाईल, एकदम नाही. मी पारनेर तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि नोकरीची चार वर्षं राहिलीत. खरं सांगू का, अंधाराची भीती मला नव्हती. तुझ्या घरात वाढलेल्या माणसाला ती कशी असेल? तू डोळ्यांवाचून अठरा माणसांचा स्वयंपाक करायचीस. मला भीती होती ती दुसऱ्याच्या तोंडून वाचायची. आपल्याला आलेलं पत्र आधी दुसऱ्यानं वाचायचं, मग त्याला वाटेल तेवढं आपल्याला सांगायचं. मामाची पत्रं तुला मी वाचून दाखवायचे ना, त्यातली भांडणाची वाक्यं मी गाळायचे. हेही आज तुला पहिल्यांदाच कळतंय.

शाळेचं सगळं काम आता फोनमध्ये आलंय. हजेरी, पोषण आहार, शिक्षण खात्यातल्या साहेबांचे निरोप, सगळं. पण मी काय केलं, तर दोन वर्षं सोंग केलं. माझ्यासोबत एक तरुण गुरुजी आहेत. त्यांच्यापुढे फोन धरायचा आणि म्हणायचं, "चष्मा विसरलेय, जरा वाचता का?" ते बिचारे वाचायचे. गेल्या पावसाळ्यात एकदा असाच फोन वाजला आणि मी तो त्यांच्यापुढे धरला. निरोप साहेबांचा नव्हता, माझ्या मुलाचा होता. तो पुण्याला असतो. गुरुजींनी नेहमीच्या सवयीनं, वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "आई, डॉक्टर काय म्हणाले? दिसत नाही हे शाळेत सांगितलंस का?" प्रश्नचिन्हसुद्धा ऐकू आलं मला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, एक बोलू का? राग मानू नका. तुमी चष्मा विसरलाय म्हणता तवा चष्मा तुमच्या डोळ्यांवरच असतो." मला आधी हसू फुटलं आणि मग रडू. "सायबांना आपन दोघं मिळून सांगू," ते म्हणाले, "मी हाय की." सांगितलं, आणि काही आभाळ कोसळलं नाही. साहेब म्हणाले, काम चाललंय ना, मग चालू द्या. दोन वर्षं मी उगाच जीव टांगणीला लावला होता.

तरी दुसऱ्याच्या तोंडून वाचणं होतंच. मग मुलानं सांगितलं की फोन स्वतःच वाचून दाखवतो, काचेवर बोट ठेवलं की तिथं काय आहे ते मराठीत बोलतो. माझ्याकडे अँड्रॉइड होता, त्यानं आपला जुना आयफोन आणून दिला आणि म्हणाला, दोन्ही वापरून बघ आणि तूच ठरव. ही दोन वेगवेगळी नावं म्हणजे फोनच्या आतली व्यवस्था, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिला. फोन बाहेरून कसा दिसतो ते सोड. आत कोणता डबा कुठं आणि हात कुठून घालायचा, हे जी ठरवते ती ही. म्हणजे तुझी फळी.

ती फळी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, हे डोळे गेले तरी राहील. चुलीच्या उजव्या अंगाला, तुझ्या खांद्याच्या उंचीवर. भिंतीला टेकून मिठाचा डबा, मग एक वीत रिकामी जागा, मग साखरेचा, मग चहापत्ती आणि डाळी. सगळे पत्र्याचे आणि एकाच मापाचे. तू चुलीपुढून उठतेस, हात फळीवर ठेवून सरकवतेस, रिकामी जागा लागली की थांबतेस. तिच्या डावीकडे मीठ, उजवीकडे साखर. मी विचारते, एवढी जागा वाया का घालवतेस? तू म्हणतेस, "वाया कशानं? तीच तर मला सांगती. डबं समदे सारखेच, ते काय बोलत्यात?" आणि काहीही उचललं की तुझं ठरलेलं, "जिथून घेतलं तिथंच ठिव."

आणि मग तो दिवस. दादाचं लग्न होऊन जेमतेम आठवडा झालाय. वहिनीचे वडील आणि भाऊ पहिल्यांदाच आपल्याकडे आलेत, फेट्यांना अजून लग्नाची घडी आहे. तू शिरा करतेस, कुणाला चुलीजवळ येऊ देत नाहीस. ताटल्या बाहेर जातात. वहिनीचा भाऊ पहिल्या घासालाच ताटली खाली ठेवतो. तिचे वडील मात्र खाली मान घालून खात राहतात. शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. तुला कळलं तेव्हा तू फळीवर हात फिरवलास आणि वहिनीला हाक मारून तिच्या वडिलांदेखत म्हणालीस, "आट दिसांत माजी फळी आवराया निगालीस? मी आंदळी झाले, मेले न्हाई आजून." वहिनी पदर सावरून उभी राहिली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. तिचे वडील उठून अंगणात गेले. त्यानंतर तू असेपर्यंत, स्वयंपाकघर तिच्या हातात आल्यावरसुद्धा, वहिनी फळीला हात लावण्याआधी विचारायची, "आत्याबाई, घेऊ का?"

तर फोनचं सांगत होते. महिनाभर मी सकाळी आयफोन आणि दुपारी अँड्रॉइड असा दोन सवतींचा संसार केला. बोट ठेवलं की नाव सांगायचं, दोनदा टिचकी मारली की उघडायचं, इथवर दोघं सख्खे भाऊ. आयफोन मोठा शिस्तीचा. त्या जातीचे सगळे फोन एका साच्यातल्या शाळाखोल्यांसारखे, एकीत फळा कुठं हे कळलं की सगळ्यांत कळलं. मुलाच्या बायकोचा फोन हातात घेतला तरी मला तो परका वाटला नाही. दोन बोटं काचेवर किल्लीसारखी फिरवली की हवं तर एकेक शब्द वाचतो, हवं तर एकेक अक्षर. मागं यायचं तर वरच्या डाव्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर दोन बोटांनी इंग्रजी झेड काढायचा. या वयात झेड! पण काढला, आणि जमला. अँड्रॉइडचं तसं नाही. तिथं प्रत्येक कंपनीचं घर निराळं, गुरुजींचा फोन हातात घेतला की मी पाहुणी. पण माझ्या फोनला खालच्या कडेला तीन बटणं आहेत आणि मागं यायचं बटण कुठल्याही खोलीत गेलं तरी त्याच जागी. वाट चुकली तर अंगठा तिथं नेला की संपलं. आणि दोघांतही अशी ॲप भेटतात की करणाऱ्यानं बटणाला नावच दिलेलं नसतं. मग फोन नुसता म्हणतो, बटण, बटण, बटण. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आरं पन कशाचं?"

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. काचेवर प्रत्येक कामाचं एकेक छोटं चित्र असतं, एकाला एक लागून. साहेबांचा निरोप वाचायला जायचं आणि बोट शेजारच्या फोन लावायच्या चित्रावर पडून साहेबांनाच फोन लागायचा, असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, बोला," आणि मी काय बोलणार, पावसाचं बोलले. मग दोन्ही फोन घेऊन नगरच्या बाजारात फोनच्या एका दुकानात गेले. दुकानदार मुसलमान गृहस्थ, दाढी पिकलेली, बोलायला शांत. त्यांना अडचण सांगितली. त्यांच्यात थोरल्या बहिणीला बाजी म्हणतात. ते म्हणाले, "बाजी, डोळे मिटून बघू. बघून तर सगळेच घेतात," आणि खरंच स्वतःचे डोळे मिटून माझे दोन्ही फोन चाचपू लागले. मी म्हटलं, दोन चित्रांच्या मध्ये रिकामी जागा सोडता येईल का? आयफोनमध्ये सोडायला गेलं की मागची चित्रं सरकून ती भरून काढायची. ते म्हणाले, नव्या आयफोनमध्ये आता जागा सोडता येते, पण हा जुना आहे, त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. अँड्रॉइडमध्ये मात्र त्यांनी एक चित्र बोटानं धरून बाजूला नेलं आणि सोडलं. राहिलं तिथंच. आता डावीकडे फोन लावायचं, उजवीकडे निरोपांचं आणि मध्ये काही नाही. मी बोट फिरवलं. फोन बोलला, मग गप्प झाला, मग बोलला. त्या गप्प जागेवर माझं बोट थांबलं आणि आई, मला तुझी फळी लागली गं हाताला. दुकानात उभी राहून मी डोळे पुसत होते. दुकानदार घाबरले, त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि विचारलं, "पसंत नाही का?" मी म्हटलं, पसंत आहे, फार पसंत आहे.

आयफोन मुलाला परत दिला. त्यात खोट काही नव्हती, डोळे धड असताना सुरुवात केली असती तर मी तोच घेतला असता कदाचित. पण मला माझी जागा सापडली होती. त्या दिवसापासून मी किती हलकी झालेय ते कुणाला सांगून कळायचं नाही. साहेबांचे निरोप मी वाचते. गुरुजी आता मला कामाचं विचारायला येतात, वाचायला नाही. परवा मुलाचं आणि माझं फोनवरच्या निरोपांतून चांगलं कडाडून भांडण झालं आणि त्यातला एकही शब्द कुणी गाळला नाही. चार वर्षं निघतील. पुढचीही निघतील.

आणि आता जे सांगायला बसले ते. आई, पाहुणे येणार म्हणून त्या सकाळी फळीवर वर्तमानपत्राचा कागद मी घातला होता. कात्रीनं त्याच्या कडेला नक्षी काढली होती, शाळेत शिकवली होती तशी. आणि डबे छान दिसावेत म्हणून एकाला एक चिकटवून लावले. मिठाचा डबा भिंतीपासून सरकवून साखरेला नेऊन टेकवला. तुझी रिकामी जागा मिठाच्या डावीकडे गेली आणि तिच्या उजवीकडे साखरेऐवजी मीठ आलं. तू वहिनीला बोलत होतीस तेव्हा मी दाराआड उभी होते, अकरा वर्षांची, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या दिवशी फुटला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग तू गेलीस. वहिनीला लिहावं असं अलीकडे फार वाटायचं, पण तिचं उत्तर कुणी परक्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचं, हे मला सोसलं नसतं.

आज लिहिलं. एकच ओळ, "वहिनी, त्या दिवशी डबे मी सरकवले होते." वहिनीही आता माझ्यासारखीच फोनशी बोलून लिहिते. पाच मिनिटांत उत्तर आलं. बोट रिकाम्या जागेवरून उजवीकडे नेलं आणि फोननं बातम्या सांगाव्यात तशा आवाजात, माझ्या एकटीच्या कानात वाचलं, "मला तवाच ठावं हुतं. कागदाची नक्षी तुमच्याच हातची हुती. लहान हुता तुमी, मनून बोलले न्हाई. जेवलात का?"

मी ते तीनदा वाचलं. हे पत्र पाठवायला तुझा नंबर नाही, ते फोनमध्येच राहील. एवढंच कर, वहिनीला तिच्या वडिलांसमोर बोललीस ते मागं घे. ती बोलणी माझ्या वाट्याची होती.