दुसरा गिअर

प्रिय दादा,

फोनवर तू दर वेळी विचारतोस, गाडीचं काय झालं, आणि मी दर वेळी ‘बघतो आहे’ म्हणून विषय बदलतो. अण्णांना तुझा आवाज ऐकायचा असतो, त्यामुळे फोन स्पीकरवर ठेवावा लागतो आणि त्यांच्यासमोर मला नीट बोलता येत नाही. त्यांचे शब्द गेले, पण समजतं त्यांना सगळं. म्हणून आज मागच्या खोलीत, कवळ्यांचे साचे बाजूला सारून लिहायला बसलो आहे. इथलं टेबल कितीही पुसलं तरी प्लॅस्टरची भुकटी राहतेच. कागद पांढरट दिसला तर चालवून घे.

गाडी एका निवृत्त नर्सबाईंची आहे. मुलीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत, त्यामुळे त्यांना ती लवकर काढायची आहे. इतक्या स्वस्तात मला दुसरी मिळणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि स्वस्त का ते त्यांनीही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दुसरा गिअर मधेच निसटतो. टाकला की दांडा हाताने धरून ठेवायचा, सोडला की आपोआप बाहेर येतो. हट्टी पोराचा हात धरून रस्ता ओलांडावा तसं. बाई म्हणाल्या, मला सवय झाली आहे, तुम्हालाही होईल. बाकी गाडी झकास आहे. आतल्या गाद्यांवर एक डाग नाही.

मेकॅनिकला दाखवली. त्याने चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, गिअरबॉक्स उतरवून उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, आणि उघडायची तर गाडीपेक्षा दुरुस्ती महाग पडेल. सपाटीवर वर्षभर ओढेल, चढावर भरवसा नाही. आता हॉस्पिटलचा रस्ता तुला ठाऊक आहे. सगळा चढच आहे तो, खिंडीपर्यंत.

हॉस्पिटलचं मी तुला अर्धवटच सांगितलं होतं. ‘एक नोकरी आहे, बघू’ एवढंच. ती कवळ्यांची नोकरी नाही, दादा. आजारात किंवा अपघातात कोणाचा कान जातो, कोणाचं नाक, कोणाचा अर्धा जबडा. ते सगळं तिथे हाताने घडवतात, माणसाच्या कातडीचा रंग जुळवून. चाचणीसाठी त्यांनी मला एक कान करायला दिला. समोर बसलेल्या माणसाचा उरलेला कान बघायचा आणि त्याचा जोडीदार बनवायचा. कितीतरी दिवस मी त्या कानाच्या नादात होतो. पाळीखाली रंग जरा लालसर हवा होता, तो साधेना. मग एकदाचा साधला. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरून पाहिला आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात दिला. त्याने विचारलं, हा खरा कान कोणाचा? दादा, इतकी वर्षं मी दातांच्या ओळी लावतो आहे, माझ्या कामाबद्दल असं कोणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून गाडी. शेजारच्या काकू दिवसभर अण्णांकडे बघायला तयार झाल्या, पण त्यांची अट होती, संध्याकाळी मी घरात हवा. तिकडून परत येणारी शेवटची बस दुपारीच सुटते. पगारी माणसं दोन वेळा ठेवून पाहिली, तुला माहीतच आहे. पहिल्याच्या अंगावर अण्णांनी ताट फेकलं आणि दुसरा स्वतःहून गेला. म्हणजे रोज खिंड चढायची, कान-नाक करायचे, खिंड उतरायची आणि आठच्या आत अण्णांना भरवायचं. गाडी चालली तर सगळं बसतं. तू म्हणाला होतास ना, थोडं जुळवून घे, मार्ग निघतो. मी जुळवतच होतो.

रविवारी नर्सबाईंनी मोठ्या मनाने किल्ली हातात ठेवली, म्हणाल्या, दिवसभर फिरवा आणि मग ठरवा. त्या दिवशी काकू त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. अण्णांना एकटं ठेवणार कसं? घेतलं बरोबर. जिना उतरवायलाच घामाघूम झालो. शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून दवाखाना सोडून ते कुठे गेलेच नव्हते. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी काचेला डोकं टेकलं आणि प्रत्येक झाडाला, प्रत्येक दुकानाला ‘हो’ म्हणायला लागले. तेवढा एकच शब्द उरला आहे त्यांच्याकडे. भूक लागली तरी हो, राग आला तरी हो. त्या दिवशीचा हो मात्र निराळा होता.

सपाटीवर गाडी गुणी होती. चढ लागला तसा मी दुसरा टाकून दांडा गच्च धरला. खिंडीच्या खालच्या वळणावर स्टिअरिंगला दोन्ही हात लावावे लागले, आणि गिअर निसटला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. ब्रेक दाबून गाडी थांबवली, पहिला टाकून पाहिला, पडेना. दुसरा नाही, रिव्हर्स नाही. दांडा पातेल्यातल्या पळीसारखा नुसता फिरत होता. हँडब्रेक ओढला तर तो ढिला, गाडी मागे सरकायला लागली. मागे वळण होतं आणि वळणाला कठडा नव्हता. फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत. मी खाली उतरू शकत नव्हतो आणि अण्णांना उतरवू शकत नव्हतो. माझा एक पाय ब्रेकवर, एवढंच काय ते आम्हाला धरून होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाय आधी दुखला, मग थरथरायला लागला. अण्णांना यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, मी त्यांना दरी दाखवायला थांबलो आहे. ते खाली बघत होते आणि हसत होते, दादा. तोंडाची एकच बाजू हलते, पण हसत होते. मग डावा हात उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, “हो.”

शेवटी भाजीचा एक टेम्पो वरून खाली आला. टेम्पोवाल्याने काहीही न विचारता चाकांमागे मोठाले दगड लावले आणि माझा पाय हाताने धरून ब्रेकवरून काढला, कारण तो मला उचलता येत नव्हता. अण्णांना त्याने लहान मुलासारखं उचलून टेम्पोत बसवलं. मला म्हणाला, “आजोबा मजेत आहेत की. तुम्हीच पांढरे पडलात.”

नर्सबाई फार ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या, गाडी अशीच घेऊन जा, पैसे नकोत, त्या पैशांत थोडी भर घातली की गिअरबॉक्स नवा बसेल. मेकॅनिकही म्हणाला, मग हरकत नाही, नवा टाकला तर खिंड सहज चढेल. म्हणजे आता घ्यायला काहीच अडचण उरलेली नाही. काकूंनी तर अभिनंदनही करून टाकलं. अण्णा रोज सकाळी खिडकीशी बोट दाखवून हो, हो करतात. त्यांना परत फिरायला जायचं आहे. मी बाईंना नाही म्हणून कळवलं. सगळ्यांना वाटतं, मी घाबरलो.

घाबरलो आहे, पण गाडीला नाही. त्या वळणावर, अण्णांचा हात माझ्या खांद्यावर असताना, माझ्या मनात आलं की पाय उचलला तर सगळं सुटेल. त्यांचंही, माझंही. सहज आलं, उद्या दूध आणायचं आहे हे जसं मनात येतं तसं. आणि मी ते लगेच झटकलं नाही, दादा. थोडा वेळ तसाच बसून राहिलो त्याच्याबरोबर. मला अण्णा आवडतात. अजूनही त्यांची दाढी करताना मी त्यांना दिवसभराच्या गप्पा सांगतो. तरी हे आलं. आईला सांगितलं असतं, ती नाही. तुलाच सांगतो आहे. मी हॉस्पिटलला होकार दिला आहे आणि तिथेच जवळ एक खोली पाहिली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला कामावर जायचं आहे. तू इथे येऊन राहा किंवा अण्णांना तुमच्याकडे घेऊन जा, ते तू आणि वहिनी ठरवा. मी सुट्टीच्या दिवशी येईन, दाढी करीन, शिकवायचं ते सगळं शिकवीन. पण त्या तारखेच्या आत तू ये. या वेळी मी विचारत नाही.

तुझाच, उत्तराची नाही, तुझी वाट बघणारा,
बारक्या